आजीवन सक्रियता : शरीराची क्षमता आणि परिसराची जबाबदारी (जयपूर फूट व 'चाकाची खुर्ची' यांच्या संदर्भात एक चिकित्सा)

प्रास्ताविक

आरोग्य, पुनर्वसन आणि तंत्रज्ञान या तीनही क्षेत्रांतील संशोधनात गेल्या दोन-अडीच दशकांत 'आजीवन सक्रिय जीवन' ही संकल्पना मध्यवर्ती ठरली आहे. माणसाचे आयुर्मान वाढले. परंतु वाढलेली वर्षे त्याने कशी जगावीत, हा प्रश्न त्यातूनच पुढे आला. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षे व त्यापुढील वयाच्या व्यक्तींची संख्या १० कोटी ३८ लाखांच्या आसपास, तर अपंगत्व असलेल्या व्यक्तींची संख्या २ कोटी ६८ लाख इतकी होती. या दोन गटांतील सीमारेषा पुसट आहे. वय वाढते तसे गुडघे, दृष्टी, श्रवण आणि तोल यांची साथ कमी होत जाते आणि एका गटातील माणूस नकळत दुसऱ्या गटात येऊन पोहोचतो. त्यामुळे हा विषय केवळ वैद्यकशास्त्राचा राहत नाही; समाजशास्त्र, वास्तुरचना, तंत्रविद्या आणि साहित्य या सर्वांचा त्याच्याशी संबंध येतो.

या संकल्पनेमागील सद्हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. तथापि, सक्रिय राहण्याची जबाबदारी प्रत्यक्ष व्यवहारात नेमकी कोणावर टाकली जाते, हे तपासून पाहणे आवश्यक वाटते. 'सक्रियता' ही एकट्या शरीराचा गुणधर्म मानली गेली की परिसराचा वाटा दृष्टीआड होतो आणि पुनर्वसन अपुरे राहते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. ते स्पष्ट करण्यासाठी येथे दोन उदाहरणे घेतली आहेत. पहिले उदाहरण एका वस्तूचे, म्हणजे जयपूर फूटचे आहे. दुसरे नसीमा हुरजूक यांच्या 'चाकाची खुर्ची' या मराठी आत्मकथनाचे आहे. वस्तू आणि ग्रंथ यांना एकाच लेखात बसवणे कदाचित विसंगत वाटेल. परंतु वस्तूमध्येही माणसाविषयीचे एक गृहीतक दडलेले असते आणि ते ग्रंथाप्रमाणेच वाचता येते, अशी या मांडणीमागील भूमिका आहे.

परिभाषेबद्दल एक खुलासा. शासनव्यवहारात आज 'दिव्यांग' हा शब्द रूढ आहे. महाराष्ट्रात २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही स्थापन झाला. प्रस्तुत लेखात मात्र, शासकीय नावे वगळता, 'अपंगत्व असलेली व्यक्ती' असा वर्णनात्मक शब्दप्रयोग केला आहे.

१. संकल्पनेची जडणघडण

जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये 'सक्रिय वार्धक्य' या विषयावरील धोरणविषयक आराखडा प्रसिद्ध केला. त्याच वर्षी माद्रिद येथे वार्धक्यविषयक दुसरी जागतिक परिषद भरली होती. या आराखड्यात सक्रियतेची व्याख्या आरोग्य, सहभाग आणि सुरक्षितता यांच्या संधी वाढवणे अशा व्यापक अर्थाने केलेली आहे. 'सक्रिय' म्हणजे केवळ शारीरिक हालचाल करू शकणारा अथवा श्रमबाजारात टिकून असलेला नव्हे, तर सामाजिक, सांस्कृतिक, आध्यात्मिक व नागरी जीवनात भाग घेणारा, असे तेथे स्पष्ट केले आहे. मूळ संकल्पना संकुचित नव्हती, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे.

त्याच्या एक वर्ष आधी, मे २००१ मध्ये, याच संघटनेच्या सभेने कार्यशीलता, अपंगत्व आणि आरोग्य यांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण मान्य केले होते. या वर्गीकरणात शरीराची रचना व कार्य, व्यक्तीच्या कृती, जीवनातील सहभाग आणि परिसराचे घटक यांचा परस्परसंबंध मांडला आहे. त्यातील एक भेद प्रस्तुत विवेचनासाठी कळीचा आहे. प्रमाणित, अनुकूल परिस्थितीत व्यक्ती काय करू शकते, ती तिची 'क्षमता'. आणि आपल्या नेहमीच्या परिसरात ती प्रत्यक्षात काय करते, ती तिची 'कृती'. या दोहोंत अंतर आढळले तर त्याचे कारण सर्वप्रथम परिसरात शोधावे लागते. २०१५ च्या वार्धक्य व आरोग्यविषयक जागतिक अहवालातही हाच विचार पुढे नेलेला दिसतो. व्यक्तीची अंगभूत क्षमता आणि तिचा परिसर यांच्या मेळातून कार्यक्षमता सिद्ध होते, असे त्यात मानले आहे. २०२१ ते २०३० हे 'निरोगी वार्धक्याचे दशक' म्हणून घोषित झाले, तेही याच भूमिकेवर.

याचा अर्थ असा की, तत्त्वाच्या पातळीवर परिसराचे महत्त्व मान्य होऊन वीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. अडचण पुढे आहे. तत्त्व व्यवहारात उतरते तेव्हा त्यातील 'सहभाग' गळून पडतो आणि 'हालचाल' तेवढी शिल्लक राहते.

२. पावलांची मोजदाद

असे का होते, याचे एक साधे कारण म्हणजे हालचाल मोजता येते. रोज दहा हजार पावले चालावे, हा आज घरोघरी ऐकू येणारा दंडक याचे उत्तम उदाहरण ठरावे. या आकड्याचा उगम वैद्यकीय संशोधनात नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये १९६५ च्या सुमारास बाजारात आलेल्या एका पावले मोजणाऱ्या यंत्राच्या नावातच 'दहा हजार पावले' हा अर्थ होता. तेथून तो जगभर पसरला. पुढे, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वयस्क स्त्रियांच्या एका मोठ्या अभ्यासात रोज सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण कमी आढळले आणि सुमारे ७,५०० पावलांनंतर अधिक लाभ दिसला नाही. दहा हजारांच्या आग्रहाला शास्त्राधार किती तोकडा होता, हे यावरून ध्यानात येते.

चालण्याचे महत्त्व कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. २०२० च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांची मध्यम स्वरूपाची हालचाल आणि ज्येष्ठांसाठी त्याबरोबर तोल व बळ वाढवणारे व्यायाम सुचवले आहेत. त्यामागील पुरावा भक्कम आहे. आक्षेप आहे तो मोजमापाला व्याख्येची जागा देण्याला. मनगटावरील यंत्र पावले मोजते. ती पावले कोणत्या पायरीपाशी थांबली, हे ते सांगत नाही.

या संदर्भात बाबा आमटे यांचे उदाहरण आठवते. पाठीच्या कण्याच्या विकारामुळे त्यांना बसता येत नसे. उभे राहणे किंवा आडवे होणे एवढेच त्यांना शक्य होते. अशा अवस्थेत त्यांनी १९८५-८६ मध्ये कन्याकुमारी ते काश्मीर 'भारत जोडो' यात्रेचे नेतृत्व केले. तरुण सायकलवर होते आणि बाबा वाहनात आडवे पडून प्रवास करत होते. पावलांच्या हिशेबात या माणसाला निष्क्रिय म्हणावे लागेल. २००२ च्या आराखड्यातील मूळ व्याख्या लावली तर मात्र त्यांच्याइतका सक्रिय वृद्ध शोधून सापडणे कठीण. कोणते माप वापरायचे यावर निष्कर्ष किती बदलतो, हे यातून स्पष्ट होते.

३. जयपूर फूट : वस्तूमागील गृहीतक

जयपूर फूटचा इतिहास सर्वपरिचित आहे. तरी त्यातील काही तपशील येथे नोंदवणे आवश्यक आहे. १९६० च्या दशकात भारतात बसवले जाणारे कृत्रिम पाऊल हे अमेरिकेतील बर्कली येथे १९५० च्या दशकात विकसित झालेल्या घडणीचे होते. त्यात मध्यभागी लाकडाचा ताठ गाभा आणि टाचेपाशी मऊ रबर असे. घोट्याची हालचाल त्यात नव्हती. हे पाऊल बुटात घालण्यासाठी होते आणि बूट घालून, खुर्चीवर बसून, सपाट जमिनीवर चालणाऱ्या माणसासाठी ते चांगलेच उपयुक्त होते.

जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात येणारा रुग्ण मात्र वेगळा होता. त्याला शेतातील चिखलात उतरायचे होते, विहिरीवर उकिडवे बसायचे होते, मांडी घालून जेवायचे होते, देवळात अनवाणी जायचे होते. उकिडवे बसताना घोटा वरच्या बाजूस वाकावा लागतो. मांडी घालताना पाऊल आत वळावे लागते. खडबडीत जमिनीवर ते दोन्ही बाजूंना झुकावे लागते. आयात कल्पनेवरचे पाऊल यांपैकी काहीच करू देत नव्हते. अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी, डॉ. कासलीवाल व डॉ. उडावत यांच्या सहकार्याने, १९६८ च्या सुमारास जे पाऊल सिद्ध केले त्यात सच्छिद्र रबर व लाकूड यांचे ठोकळे साच्यात ठेवून, वरून रबराचे आवरण चढवून, ते उष्णतेने एकजीव केले जात होते. आकार पावलाचा, रंग कातडीसारखा, पाण्याने न बिघडणारे, आणि बुटाशिवाय वापरता येणारे असे हे पाऊल होते. डॉ. सेठी यांना १९८१ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९७५ मध्ये डी. आर. मेहता यांनी स्थापन केलेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने हे पाऊल मोफत देण्याची व्यवस्था उभी केली आणि ते देशाबाहेरही पोहोचले.

या वस्तूचे 'वाचन' केले तर काय हाती लागते? स्वस्तपणा हा तिचा सर्वाधिक गौरवलेला गुण होय. परंतु प्रस्तुत लेखिकेला तिचे खरे वैशिष्ट्य अन्यत्र दिसते. पूर्वीच्या घडणीत एक मूक अट होती : पाऊल हवे असेल तर माणसाने आपली बसण्याची, जेवण्याची, काम करण्याची रीत बदलावी. जयपूरच्या पावलाने ती अट काढून टाकली. रुग्णाचे जीवन हे येथे घडणीचे मोजमाप ठरले. ज्याला लिहिता-वाचता फारसे येत नव्हते अशा एका कारागिराचा या शोधात बरोबरीचा वाटा असावा, हेही योगायोगाचे नव्हे. जमिनीवर बसून काम करणाऱ्या माणसाला जमिनीवर बसण्याचे मोल निराळे सांगावे लागत नाही.

या पावलावर झालेली टीकाही विचारात घेतली पाहिजे. हाताने घडवलेले असल्याने प्रत्येक पाऊल सारखे उतरत नाही; वजन तुलनेने अधिक असते; शिबिरांतून वेगाने अवयव बसवताना उरलेल्या पायाला खोबणी नीट बसते की नाही, पुढील तपासणी होते की नाही, असे प्रश्न तज्ज्ञांनी उपस्थित केले आहेत. हे आक्षेप गंभीर आहेत. मोफत मिळालेली वस्तू रुतू लागली तर तक्रार करण्याचा अधिकार आपल्याला आहे असे गरीब रुग्णाला वाटत नाही. आणि मग तो अवयव घराच्या कोपऱ्यात उभा राहतो. म्हणजे परिसराचा विचार करून सुरू झालेली गोष्टही वितरणाच्या टप्प्यावर पुन्हा संख्येच्या मोहात सापडू शकते. किती पाय वाटले हे सांगणे सोपे असते. एका वर्षानंतर त्यांपैकी किती वापरात आहेत हे शोधणे कष्टाचे असते.

लोकमानसातील जयपूर फूटची प्रतिमा हा आणखी एक मुद्दा. १९८१ मधील अपघातानंतर पाय गमावलेल्या सुधा चंद्रन पुन्हा रंगमंचावर नाचल्या आणि 'नाचे मयूरी' (१९८६) या चित्रपटाने ती कथा घराघरात नेली. त्यांचे कर्तृत्व असाधारण आहे, याविषयी दुमत नाही. परंतु एका असाधारण यशकथेमुळे त्या पावलाचे रोजचे, साधे यश झाकले गेले. पंगतीत सर्वांबरोबर खाली बसता येणे ही बातमी होत नाही. वास्तविक, ज्याला पंगतीच्या कडेला वेगळी खुर्ची मांडून दिली जाते, त्यालाच तिचे मोल समजते. गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर 'खाली बसू नका' असा सल्ला मिळालेल्या आपल्या घरांतील अनेक ज्येष्ठांचा हाच अनुभव आहे.

अलीकडच्या काळात या दिशेने झालेले प्रयत्न आश्वासक आहेत. स्टॅनफर्ड विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी जयपूरच्या संस्थेसाठी तयार केलेल्या स्वस्त कृत्रिम गुडघ्याची 'टाइम' साप्ताहिकाने २००९ च्या उत्तम शोधांत नोंद घेतली. मद्रास येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेने २०१९ मध्ये उभे राहण्यास मदत करणारी चाकाची खुर्ची, पुढे खुर्चीला जोडून रस्त्यावर चालवता येणारा मोटारीचा जोड आणि २०२२ मध्ये 'कदम' हा देशी बनावटीचा कृत्रिम गुडघा पुढे आणला. यांतील मोटारीचा जोड विशेष उल्लेखनीय होय, कारण त्याने प्रश्न घराच्या आतून रस्त्यावर नेला. मात्र रस्त्यावर आलेला माणूस पुढे कोणत्या इमारतीत शिरणार, याचे उत्तर कोणतीही प्रयोगशाळा एकटी देऊ शकत नाही.

४. 'चाकाची खुर्ची' : आत्मकथन आणि त्याची दखल

नसीमा हुरजूक यांच्या आत्मकथनाकडे वळताना प्रथम शीर्षकाकडे लक्ष जाते. 'व्हीलचेअर' हा शब्द मराठीत रुळलेला असतानाही लेखिकेने 'चाकाची खुर्ची' हे मराठी रूप निवडले. 'खुर्ची' या शब्दाला मराठीत सत्तेचा, अधिकाराचा अर्थ आहे. खुर्ची मिळते, जाते, टिकवावी लागते. दुसरीकडे 'अंथरुणाला खिळलेला' हा आपला रूढ वाक्प्रचार आहे आणि त्याच धर्तीवर 'खुर्चीला जखडलेली' असे सहज लिहिले जाते. चाके असलेल्या वस्तूला माणूस जखडला कसा जाईल, असा प्रश्न आपल्याला पडत नाही. या शीर्षकात खुर्ची आहे आणि तिला चाकेही आहेत. त्या दोन शब्दांनी आपल्या वाक्प्रचारातील चूक उघड होते.

ऐन पौगंडावस्थेत कमरेखालील शरीर लुळे पडलेली ही मुलगी पुढे शिक्षण घेते, केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी करते आणि १९८४ मध्ये कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' या संस्थेच्या उभारणीत पुढाकार घेते. या जीवनातील वळणाचा क्षण तपासला तर त्यात उपकरण किंवा शस्त्रक्रिया मध्यवर्ती दिसत नाही. स्वतः चाकाच्या खुर्चीवर वावरणाऱ्या बाबूकाका दिवाण यांची भेट, हे ते वळण होय. असे जगता येते, हे कोणाला तरी जगताना पाहून कळणे, ही पुनर्वसनाची पहिली पायरी ठरली. २००१ च्या वर्गीकरणात परिसराच्या घटकांमध्ये इमारती व साधने यांच्याबरोबर माणसांचा आधार आणि समाजाची वृत्ती यांचाही समावेश केला आहे. या आत्मकथनातून त्या कोरड्या नोंदीला जिवंत अर्थ प्राप्त होतो. संशोधन प्रकल्पांच्या अंदाजपत्रकात यंत्रासाठी तरतूद असते. अशा भेटीसाठी क्वचितच असते.

या आत्मकथनाची मराठीत जी दखल घेतली गेली, तिच्याविषयी मात्र तक्रार करावीशी वाटते. ग्रंथालयात आणि भाषणांत ते 'प्रेरणादायी' या एका विशेषणाखाली ठेवले जाते. जिद्द, चिकाटी, परिस्थितीवर मात या शब्दांत त्याचा आशय संपतो असे मानले जाते. अशा वाचनात सर्व श्रेय एका व्यक्तीच्या मनोबलाला मिळते आणि त्याचीच दुसरी बाजू अशी की, ज्यांना तसे जमले नाही त्यांचे मनोबल कमी पडले, असा निष्कर्ष न बोलता निघतो. वस्तुतः व्यक्तीला पुढे संस्था उभारावी लागली, याचाच अर्थ एकट्या जिद्दीने भागत नाही असा होतो. निवास, शाळा, स्वच्छतागृह, वाहन, काम हे सारे जुळवून आणावे लागले, तेव्हा इतरांना जगण्याची वाट मिळाली. शालेय भाषणांसाठी आपण या पुस्तकातून जिद्द घेतली आणि ही जुळवाजुळव सोडून दिली.

ग्रंथाच्या मर्यादेचाही उल्लेख केला पाहिजे. संस्थापकांच्या आत्मकथनांत उत्तरार्ध संस्थेच्या वाटचालीचा होऊन जातो आणि एका शरीराचे रोजचे जगणे, त्याचा थकवा, त्याचे वाढते वय मागे पडते. 'चाकाची खुर्ची' ही कृतीही या प्रवृत्तीपासून पूर्णतः मुक्त नाही. चाकाच्या खुर्चीवरील वार्धक्य कसे असते, हे सांगणारे लेखन मराठीत अद्याप विपुल नाही. 'आजीवन' या शब्दाला न्याय द्यायचा तर या लेखनाची गरज आहे.

५. एक घरगुती नोंद

येथे एक व्यक्तिगत अनुभव नमूद करण्याची मुभा घेते. काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखिकेच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. शहरातील रुग्णालयात उपचार झाले, सहा आठवडे व्यायामोपचार झाले. उपचार करणारी तरुण मुलगी कुशल आणि प्रेमळ होती. गुळगुळीत फरशीवर, दोन्ही बाजूंच्या दांड्यांच्या मधून, वडील पुन्हा चालू लागले. घरी सोडण्याच्या कागदावर 'आधाराशिवाय चालतात' असा शेरा होता आणि तो खोटा नव्हता.

गावच्या घराच्या ओसरीला तीन पायऱ्या आहेत, प्रत्येकी सुमारे नऊ इंचांची, कठडा नसलेली. संडास अंगणापलीकडे आणि भारतीय पद्धतीचा. पुढील चार महिने वडील अंगणात उतरले नाहीत. नातेवाईक म्हणत, "त्यांनी मनावरच घेतलं नाही." आम्हीही काही दिवस तसेच समजत होतो. अखेर गावातील वेल्डरने पायऱ्यांच्या कडेने लोखंडी पाइपाचा कठडा बसवला, पायऱ्यांची उंची निम्मी करून त्यांची संख्या वाढवली आणि बसण्याच्या खुर्चीला मध्ये भोक पाडून संडासाची सोय केली. दोन दिवसांचे काम होते. त्याच आठवड्यात वडील अंगणात उतरले. महिनाभराने संध्याकाळी पारावर जाऊन बसू लागले. पायातील बळ त्या आठवड्यात वाढलेले नव्हते.

क्षमता आणि कृती यांतील अंतर म्हणजे काय, हे पुस्तकातून समजले होते; त्या कठड्याने ते दाखवले. रुग्णालयातील कोणी 'घराला पायऱ्या किती आहेत' असे विचारले नव्हते, कारण विचारण्यासाठी कागदावर रकानाच नव्हता. १९७८ च्या अल्मा-आटा परिषदेनंतर समाजाधारित पुनर्वसनाचा विचार जगभर मांडला गेला. त्याला आता जवळपास अर्धे शतक होईल. एक रकाना वाढवण्यास इतका काळ लागू नये.

६. आपली महाविद्यालये

हा विषय आपल्या वाचकांच्या रोजच्या आवाराशीही निगडित आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातवरून एकवीस केले आणि शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांमध्ये किमान पाच टक्के जागा राखीव ठेवल्या. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये उच्च शिक्षणसंस्थांसाठी सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात, सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवता येणार नाहीत, असा निर्णय दिला. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेच्या सातव्या निकषातही अडथळाविरहित परिसराची नोंद मागवली गेली आहे.

परिणामी बहुतेक महाविद्यालयांत आज उतार आहे. तो कसा आहे, हे पाहण्यासाठी फक्त मोजपट्टी लागते. सर्वमान्य प्रमाण एकास बारा असे आहे. म्हणजे जोते साठ सेंटिमीटर उंच असेल तर उतार किमान सात मीटर वीस सेंटिमीटर लांब हवा. अनेक ठिकाणी तो याच्या निम्म्यानेही नसतो. त्यावरून चाकाची खुर्ची स्वतः ढकलत वर नेणे अशक्य आणि खाली आणणे धोक्याचे असते. उतार चढून गेल्यावर ग्रंथालय पहिल्या मजल्यावर आढळते आणि दिव्यांगांसाठीच्या स्वच्छतागृहात जुनी बाके रचलेली असतात. मूल्यांकनाच्या अहवालात मात्र उताराचे छायाचित्र असते. पावलांच्या मोजणीबद्दल वर जे म्हटले तेच येथे लागू पडते : जे दाखवता येते ते केले जाते.

याचा फटका केवळ विद्यार्थ्यांना बसतो असेही नाही. आपल्यापैकी अनेक प्राध्यापक पन्नाशीनंतर तिसऱ्या मजल्यावरील तासिका टाळण्यासाठी वेळापत्रकात बदल मागतात आणि कारण सांगण्यास संकोचतात. आजीवन सक्रियतेचा प्रश्न स्टाफरूममध्येही उपस्थित आहे.

७. काही आक्षेप

या मांडणीवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, परिसरावर भर दिल्याने व्यक्तीच्या प्रयत्नांचे महत्त्व कमी होते. तसे मानण्याचे कारण नाही. वडिलांचे सहा आठवड्यांचे व्यायाम झाले नसते तर कठडा निरुपयोगी ठरला असता. परंतु प्रयत्नांचा उपदेश सर्वत्र उपलब्ध आहे. कठडा उपलब्ध नाही. चर्चेचा तोल त्यानुसार ठेवावा लागतो.

दुसरा आक्षेप असा की, जमिनीवर बसण्याची संस्कृती मागे पडत आहे. म्हणून जयपूर फूटचा दाखला आता गैरलागू आहे. हे अंशतः खरे आहे. मात्र त्या पावलापासून जो धडा घ्यावयाचा तो मांडी घालण्याविषयी नाही. वापरणाऱ्याला आपल्या जगण्यात काय करायचे आहे हे घडण सुरू होण्यापूर्वी विचारावे, हा तो धडा होय. शहरातील वृद्धेला लोकलच्या फलाटावरील जिना चढायचा असेल, तर घडणीचे मोजमाप तो जिना असला पाहिजे.

समारोप

सारांश, आजीवन सक्रियतेच्या मूळ संकल्पनेत सहभाग आणि परिसर यांना स्थान होते. व्यवहारात ती शरीराच्या मोजमापापुरती आकसली. जयपूर फूटच्या घडणीत जीवनरीतीला अग्रस्थान मिळाले म्हणून ते लोकांचे झाले, आणि वितरणात संख्येला अग्रस्थान मिळाले तेथे ते अपुरे पडले. 'चाकाची खुर्ची' या आत्मकथनाची दखल जिद्दीची कथा म्हणून घेतली गेली. आधाराची जुळवाजुळव म्हणून ते वाचले जाणे अद्याप बाकी आहे.

यातून संशोधनासाठी काही सूचना निघतात. पुनर्वसनाच्या प्रत्येक प्रकल्पात प्रयोगशाळेतील क्षमतेबरोबरच घरातील कृतीची नोंद, तीही निदान एका वर्षानंतरची, घेतली जावी. रुग्णाला घरी सोडताना त्याच्या घराची माहिती विचारणारा रकाना असावा. उपकरणांच्या आखणीत वापरणारी व्यक्ती आणि स्थानिक कारागीर यांना आरंभापासून स्थान मिळावे. आणि आपल्या महाविद्यालयांतील विज्ञान, समाजशास्त्र व भाषा विभागांनी मिळून आपल्याच आवाराची सुगम्यता तपासावी. मोजपट्टी, चाकांची एक खुर्ची आणि ती वापरणारा एक विद्यार्थी एवढ्यावर हे काम सुरू करता येईल. मात्र तपासणीचे नेतृत्व त्या विद्यार्थ्याकडे असावे आणि त्याने दाखवलेल्या त्रुटी पुढील सत्र सुरू होण्यापूर्वी दूर व्हाव्यात, एवढी अपेक्षा येथे व्यक्त करते.